गुरुवारची मालिका आणि रीडरसाहेब

आमच्या नागपूरच्या घरमालकांची भुतांविषयी एकच तक्रार होती : भुतं कायद्यानं वागत नाहीत.

"पहिल्या भागात हे भूत आरशात दिसलं नाई. बराबर? मंग आज काहून दिसलं?" टीव्हीसमोर उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून ते जमलेल्या गल्लीला विचारायचे. टीव्ही त्यांचा, खोली त्यांची, खसचा कूलर त्यांचा. उलट बोलायची कोणाची टाप होती? मग निकालही तेच द्यायचे. "साक्ष बदलली. खारीज!" आणि खाली बसायचे. तेवढ्या वेळात पडद्यावरची माणसं जे काही बोलून गेलेली असायची ते आम्हांला कधीच कळलं नाही.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन वाईट बोलू नये, एवढं मी पाळते. वाईट मात्र बोलणार आहे. ते जिल्हा कोर्टात रीडर होते. रीडर म्हणजे जज्जाच्या पुढ्यात खाली बसून कागद सरकवणारा, तारखा देणारा माणूस. सगळा जन्म त्या टेबलाशी गेला, आणि निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं तरी तारखा सुटल्या नाहीत. माडीवरचा आमचा नळ गळायला लागला आणि मी सांगायला गेले, तर म्हणाले, "पुढच्या सोमवारी लावतो." मला वाटलं नळ लावणार. ते सुनावणी लावत होते. सोमवारी त्यांनी मला ओसरीवर उभं करून विचारलं, नळ कधीपासून गळतो, प्रथम कोणी पाहिलं, तुम्ही जोरात पिळला होता का. शेवटी नळ आमच्या ह्यांनीच दुरुस्त केला.

मी मूळची साताऱ्याची. लग्न झालं, ह्यांची बदली नागपूरला झाली आणि महाल भागातल्या त्या माडीवर आम्ही बिऱ्हाड थाटलं. तिथली बोली मला आधी भांडणासारखी वाटायची, पुढे तिची गोडी लागली. रीडरसाहेब मला 'सातारकरीण' म्हणायचे. माझ्या हातची आमटी गोड असते, हे त्यांनी चाखायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला तो माणूस आवडला होता. भाजीवाल्याची उलटतपासणी घेताना ऐकत राहावं. "वांगं कुठलं? गाव सांग. गावात विहीर आहे का? मंग हे वांगं तहानेलं काहून दिसते?" भाजीवाला हसायचा आणि एक वांगं जास्त टाकायचा. पण त्या घरात आणखी एक माणूस राहत होतं, ते दिसायला मला जरा वेळ लागला.

त्यांची सून, कुंदा. काटोलकडची, सावळी, माझ्याच वयाची. रीडरसाहेबांचा मुलगा काविळीनं गेला तेव्हा लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. सासू आधीच गेलेली. म्हणजे त्या मोठ्या घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं. कुंदा सकाळी स्वयंपाक उरकून धंतोलीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जायची, काउंटरवर बसून पेशंटचे केसपेपर लिहायची, संध्याकाळी येऊन पुन्हा चुलीशी. माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. "मामाजीले कोण पाहील वं वहिनी?" मला म्हणाली. तिकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

रीडरसाहेब तिच्याशी वाईट वागत नव्हते. आवाज चढवत नसत, दवाखान्यात जायला आडकाठी नव्हती. फक्त त्यांनी मुलाची खुर्ची हलू दिली नव्हती. पुढच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर समोर, हात असलेली लाकडी खुर्ची. गुरुवारी खोलीत माणसं दाटीवाटीनं जमिनीवर बसायची, म्हाताऱ्या भिंतीला टेकायच्या, पण त्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही. एकदा एक पाहुणा नकळत बसला. रीडरसाहेब त्याच्यापुढे जाऊन म्हणाले, "ही जागा भरली आहे." पाहुणा उठला आणि पुन्हा त्या घरी आला नाही.

त्या उन्हाळ्यात ती मालिका सुरू झाली. हिंदीत होती, दर गुरुवारी. थंड हवेच्या गावातला एक बंगला. तरुण नवरा दरीत पडून मरतो आणि रोज संध्याकाळी बायकोकडे परत येतो. फक्त तिलाच दिसतो. तो यायचा झाला की टेबलावरचा दिवा जरासा हलायचा, बास. कुठे किंकाळ्या नाहीत की उलटे पाय नाहीत. दोघं खिडकीत बसून बोलायची.

पहिले चार-पाच आठवडे रीडरसाहेबांनी तोंडातून शब्द काढला नाही. मूल रडलं तर त्याच्या आईला नुसत्या नजरेनं बाहेर काढायचे. दिवा हलला की त्यांचा हात मांडीवर घट्ट व्हायचा. मी बाजूनं पाहायची ना, चष्म्याखाली गाल ओले असायचे. एकदा सगळे उठून गेल्यावर ते आमच्या ह्यांना म्हणाले, "लिहिणारा जाणता माणूस आहे. मेलेलं माणूस असंच येते. गाजावाजा नाई करत." आणि मग कोनाड्यातल्या त्यांच्या दिव्याकडे पाहत राहिले. वारा नव्हता. दिवा हलला नाही. तेव्हा मला त्यांची फार दया आली होती, ती मी नाकारत नाही.

मग मालिका पातळ झाली. ह्याबाबतीत रीडरसाहेबांचं मत अगदी रास्त होतं. नायिकेच्या मावशीचे विनोद सुरू झाले. भूत गाणी म्हणायला लागलं. आधी फक्त संध्याकाळी येणारं भूत दुपारी जेवणाच्या वेळीही यायला लागलं. "भूत आहे का पाहुणा?" रीडरसाहेब ओरडले. "कायदा एकच पाहिजे! आज आरशात दिसते, उद्या रेशनच्या लाइनीत उभं राहील!" गल्ली पोट धरून हसली. मीही हसले. आणि अशातच त्या गावात एक डॉक्टर आला. नायिकेच्या खोकल्याला औषध देणारा, चष्मेवाला, कमी बोलणारा. नायिका त्याच्याकडे पाहून पहिल्यांदा हसली तेव्हा रीडरसाहेबांचं हसणं बंद झालं.

कारण त्याच महिन्यात आमच्याकडेही एकजण आला होता.

तो मुरलीधर. भिवापूरचा, कुंदाच्या दवाखान्यात लॅबमध्ये रक्त तपासायचा. बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. त्याची आई दवाखान्यात दाखल होती तेव्हा कुंदानं तिचं सगळं केलं, आणि म्हातारीनंच पोराला सांगितलं की हीच सून हवी. कुंदानं हे मला नळावर, बादली भरताना सांगितलं. चेहरा खाली, पण आवाजात असं काही होतं की बादली भरून वाहायला लागली तरी आम्हां दोघींना कळलं नाही. "पण मामाजी हो म्हणतील तरच," ती म्हणाली. "त्याहिचं मन मोडून मले नाई जायचं. मी सांगितलं त्याले, आधी घरी येऊन विचार."

तो एका रविवारी विचारायला आला. हातात भिवापुरी मिरच्यांची थैली. रीडरसाहेब ओसरीवर बसले होते. त्याला बस म्हणाले नाहीत.

"नाव?"

"मुरलीधर."

"राहणार?"

"भिवापूर. आता धंतोलीत खोली घेऊन राहून राहिलो."

"कायले आले?"

त्यानं थैली खाली ठेवली, हात जोडले. "कुंदाबाईबद्दल बोलाचं होतं, साहेब. मले लग्न कराचं हाये त्यायच्यासंग. तुमची परवानगी पाह्यजे. तुमच्याशिवाय त्या हो म्हनत नाईत."

मी जिन्यात उभी होते. रीडरसाहेबांनी आधी त्या थैलीकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "परवानगी मी देत नाई गा. मी रीडर होतो, जज्ज नव्हतो. जज्ज आत बसला आहे." आणि त्यांनी दारातून त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्याची बायको आहे. त्याले विचार. तो हो म्हणला का मले सांग."

मुरलीधरनं त्या खुर्चीकडे पाहिलं. त्या बिचाऱ्यानं खुर्चीलासुद्धा हात जोडले आणि तो गेला. मिरच्यांची थैली मात्र रीडरसाहेबांनी ठेवून घेतली. पुढे कित्येक दिवस त्यांच्या भाजीला लालभडक तर्री होती आणि ते कुंदाला म्हणायचे, "मिरची अस्सल आहे."

त्यानंतर गुरुवारचा तमाशा बदलला. मालिकेवरचं प्रत्येक मत मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या कुंदासाठी असायचं. ती तिथेच बसायची, अर्धी स्वयंपाकघरात, अर्धी बाहेर. नायिका डॉक्टरबरोबर फिरायला गेली की रीडरसाहेब म्हणायचे, "पाहा, नवऱ्याच्या सरणाची राख गरम आहे अजून." नायिकेनं रंगीत साडी नेसली की, "आता आरसा आठवला बाईले." गल्लीला वाटायचं, रीडरसाहेब मालिकेवर चिडलेत. लोक हसायचे. कुंदा तांदूळ निवडत असायची. तिचं बोट त्याच त्या दाण्यांवरून फिरत राहायचं. त्यांनी तिला एकदाही सरळ 'जाऊ नको' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला काही बोलता तरी आलं असतं. टीव्हीवरच्या बाईला दिलेल्या शिव्यांना ती काय उत्तर देणार?

मी एकदा न राहवून म्हणाले, "रीडरसाहेब, तिनं किती दिवस खिडकीत बसायचं? तिचं वय काय?"

"सातारकरीण," ते म्हणाले, "तुमच्याकडे प्रेमाले तारीख असते का? आमच्याकडे नसते." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हे विसरलेले नाही. आजही त्या वाक्यानं माझं डोकं तापतं, कारण त्यांच्या प्रेमाची झळ सगळी दुसऱ्याला बसत होती. प्रेम रीडरसाहेबांचं, आणि आयुष्य कुंदाचं. शिवाय रोज गरम वरणभात पुढ्यात येत होता, तो त्या प्रेमात धरला होता की नव्हता, हे त्या कोर्टात कोणी विचारलं नाही.

शेवटचा भाग पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं धरून उभी. शेवटी काय झालं ते सांगते. संध्याकाळ होते, दिवा हलतो, नवरा येतो. डॉक्टरही तिथेच असतो, त्याला काही दिसत नाही. नवरा बायकोचा हात धरतो, डॉक्टरच्या हातात देतो, म्हणतो, आता मी येणार नाही, तू खिडकी लाव. आणि ती खिडकी लावते. संपलं. 

आता मला विचाराल तर एवढ्या पाणचट मालिकेचा शेवट तेवढा चांगला होता. आणि मधल्या दारातून कुंदाचा आवाज आला. इतक्या गुरुवारांत ती पहिल्यांदा बोलली.

"पाहा मामाजी. त्यानं सोडलं."

रीडरसाहेब उठले. त्यांनी टीव्ही बंद केला, पडदा अंधारा होईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं आणि पाठमोरेच म्हणाले, "हे लिहिणाऱ्याच्या घरी कोणी मेलं नाई. मेलेल्याचा हात कोणाले सुटत नाई, अन् मेलेला धरलेला हात दुसऱ्याले देत नाई." मग वळून जोरात, "फालतू मालिका! लोकायले येडं बनवून राहिले! खारीज!"

कुंदा उठून आत गेली. तिला तिचं उत्तर मिळालं होतं. मला वाटलं, इथे हा विषय संपला. तो संपला नव्हता.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. मारबत म्हणजे मोठी कागदाची बाई, तिच्यामागे गल्लोगल्लीचे बडग्ये. बडग्या म्हणजे ज्या गोष्टीनं वर्षभर लोकांना पिडलं तिचं सोंग : महागाई, कोरडा नळ, डास. बांबू आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि 'घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळायचा. रोगराई, भांडणं, इडापिडा, सगळं त्याच्याबरोबर जातं. म्हणून आमच्या गल्लीत एक गोष्ट कडक पाळायचे : बडग्याच्या अंगावर एकदा जी वस्तू चढली ती परत घरात आणायची नाही. गल्लीची सगळी पीडा तिला चिकटलेली असते.

आमच्या गल्लीचा बडग्या पानठेलेवाला मोरूभाऊ करायचा आणि पाटी लिहायचे रीडरसाहेब. त्यांचं अक्षर सुरेख होतं. त्या वर्षी विषयही त्यांनीच दिला. "मालिकेतली बाई कर," ते म्हणाले. "याच्याहून मोठी पीडा कोणती?" मोरूभाऊ खूश. सगळ्या नागपूरनं मालिका पाहिली होती, हशा हमखास मिळणार होता.

सकाळी ढोल वाजायला लागले म्हणून मी गॅलरीत आले. पुतळा पानठेल्याला टेकवून उभा होता. तणसाची बाई, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात पाटी : 'नवऱ्याचं भूत दारात, बाई डॉक्टरच्या घरात, घेऊन जाय गे मारबत!' लोक पाटी वाचून खिदळत होते. माझं लक्ष साडीकडे गेलं.

जांभळी साडी, मोहरीच्या रंगाचे काठ. मुरलीधरच्या आईनं दवाखान्यातून घरी जाताना कुंदाला दिलेली. कुंदानं ती मला एकदा दार लावून दाखवली होती. अंगाला न लावता, नुसती हातावर धरून. मग पेटीत सगळ्यात खाली, चादरींच्या तळाशी ठेवली होती.

मी जिना उतरेपर्यंत कुंदाही ओसरीवर आली होती. हात कणकेचे. तिनं पुतळ्याकडे पाहिलं, मग पायरीवर उभ्या असलेल्या सासऱ्याकडे.

"मामाजी, ही माझी साडी आहे."

"पेटीत तळाशी पडली होती," ते म्हणाले. "जुनी समजून देल्ली."

"तिची घडी नव्हती मोडली."

भाजीवाल्याच्या तोंडून वांग्याचं गाव काढणाऱ्या माणसाला नवी साडी ओळखता आली नाही, असं अजून मला कोणी सांगितलं तर मी त्याच्या तोंडावर हसेन. त्यांनी ती शोधून काढली होती, हाताळली होती, कोणाची असेल ते ओळखलं होतं, आणि तिला जाळायला दिलं होतं.

कुंदानं हात पदराला पुसले आणि ती खाली उतरली. सरळ पुतळ्यापाशी गेली.

"वहिनी, हात नोका लावू," मोरूभाऊ गडबडला. "बडग्याच्या अंगावरचं हाये ते!"

तिनं खांद्यावरची टाचणी काढली. पदर ओढला. साडी पुतळ्याभोवती गुंडाळलेली होती, ती फिरून फिरून सोडवायला लागली. ढोल एकेक करून थांबले. आतला बांबू दिसायला लागला, तणस गळायला लागलं. एक म्हातारी ओरडली, "अवं पोरी, येडी झाली का? पीडा घेशील अंगावर!" कुंदानं शांतपणे साडीला चिकटलेल्या काड्या झटकल्या, तिथेच उभ्यानं घडी घातली आणि ती खांद्यावर टाकली.

तेव्हा रीडरसाहेबांनी कोर्टात पुकारा करावा तसा आवाज लावला. "कुंदा! ते कापड घेऊन या उंबऱ्यात पाय ठेवाचा नाई! सांगून ठेवतो!"

त्यांना वाटलं असणार, ती साडी टाकेल. गल्लीसमोर, एवढ्या लोकांत, बाई दुसरं काय करणार? तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता.

"बरं मामाजी," ती म्हणाली. "नाई ठेवत."

पायरीखाली तिच्या चपला होत्या. त्या तिनं पायात सरकवल्या आणि ती बडकस चौकाच्या दिशेनं चालायला लागली. कणकेचे हात, घरातली विटकी साडी, खांद्यावर ती जांभळी घडी. लोकांनी वाट दिली. काहीजण पीडेचा स्पर्श नको म्हणून अंग चोरून बाजूला झाले. पुढे तिनं मुरलीधरशी रजिस्टर लग्न केलं, साक्षीदार म्हणून मी सही केली, आणि ती हीच साडी नेसली होती. पण ते नंतर. त्या सकाळी ती कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. मागे वळून तिनं पाहिलं नाही, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी जिन्याच्या कठड्याला धरून रडले.

रीडरसाहेबांचा हात अर्धवट वर उचललेला होता. तो तसाच राहिला. मोरूभाऊनं विचारलं, "साहेब, हिले आता काय नेसवू?" मग कोणीतरी साखरेचं रिकामं पोतं आणलं, ते पुतळ्याला गुंडाळून सुतळी बांधली, पाटी वरून सरळ केली. ढोल पुन्हा सुरू झाले आणि सगळे ओरडत चौकाकडे गेले. गल्लीत थोडं तणस पडून राहिलं.

रीडरसाहेब आत गेले. पुढच्या खोलीतली ती खुर्ची ओढल्याचा, बसल्याचा आवाज आला. मी जिन्यातच उभी होते. मग आतून, नेहमीच्याच आवाजात, हाक आली.

"कुंदा, चहा ठेव वं."

मी ती ऐकली. मग हाक पुन्हा आली, जरा मोठ्यानं. आणि मी माडीवर निघून गेले.